पहिली रेस: डुएथलॉन की स्प्रिंट ट्रायथलॉन?

ऑफिसातला एक मित्र महिनाभर डोकं खाऊन राहिला, पहिली रेस कोणती करू म्हणून. सेमिनरी हिल्सवर धावतो, रविवारी वर्धा रोडला सायकल काढतो, पोहणं मात्र लहानपणी मामाच्या विहिरीत शिकलं तेवढंच. नागपुरात असे बरेच सापडतील, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे टाकतो.

स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी धावणं. स्प्रिंट डुएथलॉनमध्ये ५ किमी धावा, २० किमी सायकल, परत २.५ किमी धावा. ऐकायला सोपी, पण सायकलवरून उतरून ते शेवटचे अडीच किमी धावताना पिंढऱ्या अशा आखडतात की विचारू नका, आणि एकूण धावणं साडेसात किमी होतं, म्हणून गुडघे आधीच कुरकुरत असतील तर उलट ट्रायथलॉनच बरी पडते.

पण गुडघे दुखतात, पाणी जीव घेतं. अमेरिकेतल्या १९८५ ते २०१६ च्या रेसेसचा एक अभ्यास आहे, त्यात मृत्यू आणि कार्डियाक अरेस्ट मिळून १३५ केसेस होत्या, त्यातल्या ९० पोहताना. पुरुषच जास्त, आणि सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास, म्हणजे आपलंच वय. चाळिशी ओलांडली असेल तर हार्टची तपासणी करून घ्या, दोन्ही रेससाठी.

स्विमिंग टँकात तळाला काळी रेघ असते, दमलं की काठ धरता येतो. तलावात हात लांब केला तर पंजा दिसत नाही आणि शंभर लोक एकदम सुटतात. माझ्या पहिल्या रेसमध्ये कोणाची तरी लाथ बसून गॉगल सरकला, नाकात पाणी गेलं, छाती धडधडायला लागली, मदतीची छोटी होडी असते, कयाक, ती धरून दोन मिनिटं नुसता लटकलो. हे नियमात बसतं बरं का. कयाक किंवा बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, धरून दम घ्या, फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही, आणि मदत पाहिजे तर हात वर करायचा. स्ट्रोकही कुठलाही चालतो, ब्रेस्टस्ट्रोक केला तर कोणी हसत नाही. प्रॅक्टिससाठी अंबाझरी नाहीतर फुटाळा तलावात एकट्याने उतरायचं डोक्यातसुद्धा आणू नका.

सायकलचे नियम दोन्हीकडे जवळपास सारखेच. हेल्मेटचं बकल लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही आणि सायकल रॅकवर परत अडकवेपर्यंत ते उघडायचं नाही, घाईत हेच विसरतात लोक. हेल्मेटशिवाय रेसमध्ये सायकल चालवली तर थेट बाद. माउंट लाइनच्या, म्हणजे सायकलवर बसायच्या आखलेल्या रेघेच्या, आधी सायकलवर बसायचं नाही, इअरफोन घरी ठेवायचे, हँडलच्या टोकांना प्लग पाहिजेच, नाहीतर पडल्यावर तोच पाइप पोटात घुसतो. ड्राफ्टिंग, म्हणजे पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवणं, बंद असलेल्या रेसमध्ये पुढच्यापासून १० मीटर अंतर ठेवायचं, ओव्हरटेक करायला २० सेकंद मिळतात. रविवारी ग्रुपमध्ये चाकाला चाक लावून चालवायची सवय असलेल्यांना इथेच पेनल्टी लागते.

उन्हाच्या बाबतीत डुएथलॉन जास्त तापदायक, कारण अंग ओलं व्हायला पाणीच नाही. आपल्याला ४५ डिग्रीचं कौतुक नाही हे खरं, पण त्यात रेसच्या वेगाने पळणं नको. सोबतचा बरळायला लागला, तोल गेला तर त्याला तिथेच थांबवा, सावलीत नेऊन थंड पाणी ओता आणि मेडिकलवाल्यांना बोलवा. आणि नुसतं पाणी ढोसू नका, मीठही लागतं.

एकाने गोव्याची आयर्नमॅन ७०.३ विचारली, म्हणजे लांब अंतराची ट्रायथलॉन. समुद्रात १.९ किमी, मग ९० किमी सायकल आणि वरून हाफ मॅरेथॉन. पहिल्या वर्षी काहून भाऊ?

मित्राला म्हटलं, टँकात न थांबता १००० मीटर पोहून दाखव. तिसऱ्या लॅपला काठ धरला पठ्ठ्याने, तर या हिवाळ्यात डुएथलॉन, आणि आजपासून आठवड्यात तीन दिवस टँक.