मिरजेच्या रुग्णालयातील डायल्युशन डिस्पेन्सर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मिरजेतील एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयाच्या स्वच्छता विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे. फरशी, काच आणि स्नानगृहे यांसाठी लागणारी रसायने आम्ही 5 लिटरच्या कॅनमध्ये तीव्र स्वरूपात घेतो आणि पाणी मिसळून वापरतो. हे मिश्रण ठरलेल्या प्रमाणात करून देणारे, भिंतीवर बसवायचे डिस्पेन्सर आम्ही उन्हाळ्यात घेतले आणि पावसाळा व हिवाळा असे दोन्ही ऋतू त्याच्यावरून गेल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे. यंत्र चांगले आहे असेच माझे मत आहे. मात्र मिश्रणाचे प्रमाण यंत्राच्या किमतीपेक्षा नळातल्या पाण्याच्या दाबावर अधिक ठरते, आणि नेमकी हीच गोष्ट आमच्या पुरवठादाराने शेवटपर्यंत सांगितली नव्हती.

या यंत्राला वीज लागत नाही. पाणी अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तेथे दाब कमी होतो आणि त्या ओढीने कॅनमधील रसायन नळीतून वर येते. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी यांनी 1797 मध्ये प्रसिद्ध केलेले हे तत्त्व आपल्याकडच्या तासगाव-मिरज पट्ट्यातील द्राक्ष बागायतदारांना नवे नाही, कारण ठिबकमधून विद्राव्य खते सोडण्यासाठी ते हीच व्हेंचुरी वापरतात. आमच्याकडे जोडणीसाठी आलेला प्लंबर स्वतः बागायतदाराच्या घरातला असल्यामुळे त्याने खोके उघडताच विचारले, "मॅडम, हितं पाण्याला प्रेशर किती येतंय?" पुरवठादाराच्या माणसाला हा प्रश्न सुचला नव्हता.

उत्तर फारसे समाधानकारक नव्हते. टाकीच्या पाण्याचा दाब दर 10 मीटर उंचीला साधारण 1 बार (दाब मोजण्याचे एकक) एवढाच मिळतो, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरील टाकीतून तळमजल्यावरसुद्धा 1 बारच्या आसपासच दाब येतो आणि वरच्या मजल्यांवर तो त्याहूनही कमी असतो. याउलट अशा यंत्रांना सामान्यतः किमान दीड ते दोन बार दाब हवा असतो, आणि सोबत येणारा प्रमाणांचा तक्ता तर त्याहून जास्त, साधारण 40 पीएसआय, म्हणजे पावणेतीन बार दाब धरून केलेला असतो. तेव्हा यंत्राकडे जाणाऱ्या पाण्याच्या पाइपवर स्वतंत्र प्रेशर पंप बसवणे भाग पडले. हा पंप जनरेटरच्या जोडणीवर घेणे आवश्यक आहे. अन्यथा वीज गेल्यावर बादली भरते, पण तिच्यात रसायन कमी पडते.

प्रमाण ठरते ते नळीच्या टोकाला बसणाऱ्या बारीक छिद्राच्या रंगीत टिपेवर. छिद्र जितके लहान, तितके मिश्रण पातळ. तक्ता पाहून टिप निवडणे ही केवळ सुरुवात आहे, कारण तक्त्यातील आकडे पाण्यासारख्या पातळ द्रवासाठी असतात आणि आमचे फरशीचे रसायन बरेच दाट आहे. आम्हाला लिटरला 20 मिली, म्हणजे 10 लिटरच्या बादलीला 200 मिली हवे होते. नळी कॅनमधून काढून मोजपात्रातील रसायनात सोडली आणि बादली भरली, तेव्हा पंपाशिवाय जेमतेम सव्वाशे मिली ओढले गेले. पंप लावून आणि एक पायरी मोठी टिप घालून ते दोनशेच्या जवळ आले. हीच चाचणी आता दर महिन्याला, तसेच टिप किंवा रसायन बदलल्यावर आम्ही करतो आणि आकडा वहीत लिहितो. हिवाळ्यात सकाळी तेच रसायन आणखी दाट होऊन कमी ओढले जाते, हे या वहीमुळेच लक्षात आले. उन्हाळ्याची टिप डिसेंबरात जशीच्या तशी ठेवून चालत नाही.

बसवताना कॅन यंत्राच्या खालीच राहील याची काळजी घ्यावी. कॅन वरच्या फळीवर ठेवल्यास यंत्र बंद असतानाही रसायन आपल्या वजनाने झिरपत राहते. यंत्रात हवेची फट (पाण्याचा पाइप आणि रसायन यांच्यातील मोकळे अंतर) किंवा उलट प्रवाह रोखणारी झडप आहे ना, हेही खरेदीपूर्वी विचारावे, कारण पाइपमधील पाण्याचा दाब अचानक उतरला तर रसायन पिण्याच्या पाण्याच्या बाजूला ओढले जाऊ शकते. रुग्णालयात या बाबतीत तडजोड करता येत नाही.

देखभालीत सर्वाधिक त्रास फूट व्हॉल्व्हने दिला. कॅनच्या तळाशी असणारी ही छोटी झडप अडकून उघडी राहिली की नळीतील रसायन खाली उतरते आणि पुढच्या बादलीत सुरुवातीला नुसते पाणी पडते. नळी पारदर्शक असल्यामुळे हे दिसते: रसायनाचा रंगीत स्तंभ तुटलेला असतो, आणि जोड सैल असेल तर बारीक बुडबुडे एकामागून एक वर चढताना दिसतात. आमच्या मावशी आता बादली लावण्यापूर्वी नळीकडे पाहतात आणि बुडबुडे दिसले की मला हाक मारतात. पूर्वी रसायन अंदाजपंचे ओतले जात असे. जास्त पडले की फरशी चिकट होई आणि त्यावर चपलांचे ठसे उमटत. ती तक्रार आता जवळजवळ थांबली आहे.

पावसाळ्यात कृष्णेला गढूळ पाणी आले की यंत्राच्या तोंडाची जाळी वारंवार धुवावी लागते. उन्हाळ्यात बोअरचे जड पाणी वापरल्यास गळ्यात आणि टिपेत पांढरा थर साचतो. तो सायट्रिक ॲसिडच्या कोमट द्रावणात भिजवून निघतो, पण टिपेत सुई किंवा टाचणी कधीही घालू नये. छिद्र थोडे जरी मोठे झाले तरी प्रमाण कायमचे बिघडते.

सांडलेल्या रक्तासाठी लागणारे 1 टक्क्याचे हायपोक्लोराइट (क्लोरीनयुक्त जंतुनाशक) आम्ही या यंत्रातून घेत नाही. 5 टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे चार भाग असे ते मोजपात्रानेच, रोजच्या रोज ताजे केले जाते. शिवाय हायपोक्लोराइटचा कॅन स्नानगृहाच्या आम्लयुक्त क्लीनरपासून दूर, वेगळ्या कपाटात असतो, कारण ही दोन रसायने एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो.

दहा-पंधरा खोल्यांच्या लॉजला किंवा छोट्या दवाखान्याला या यंत्राची गरज आहे असे मला वाटत नाही. कॅनच्या तोंडावर बसणारा, एका दाबाला ठरावीक मिली देणारा हातपंप त्यांना पुरेल. ज्यांना घ्यायचे आहे त्यांनी दोन फूट व्हॉल्व्ह, टिपांचा एक जादा संच आणि काही ओ-रिंग (जोडातील गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) यंत्रासोबतच मागवाव्यात. आमच्या पुरवठादाराकडे हे भाग तयार नसतात, आणि ते येईपर्यंत मावशींना पुन्हा मापाच्या भांड्यावर काम भागवावे लागते.