टेम्पोतला जीपीएस ट्रॅकर आणि आईच्या पिशवीतला टॅग : नऊ महिने वापरल्यावर

आधीच सांगतो, मी काय टेक्निकल माणूस नाही. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेल-नॅपकिनचं छोटं काम आहे, आठ लूम, एक छोटा हत्ती आणि तो चालवणारे मामा, एवढाच पसारा. मागच्या श्रावणात शेजारच्या शेडवाल्याची गाडी रात्रीत गायब झाली (चार दिवसांनी सापडली, बॅटरी आणि स्टेपनी सोडून), तेव्हा घाबरून मी ट्रॅकर घेतला. वायरवाला, गाडीच्या बॅटरीला जोडायचा, सिम आतच, २४०० रुपये फिटिंगसकट, पहिल्या वर्षाचं रिचार्ज त्यातच. कंपनीचं नाव घेत नाही कारण अशा डब्या सगळ्या सारख्याच दिसतात, स्टिकर तेवढा वेगळा.

घेताना दुकानदार म्हणला, सर सॅटेलाइट वरनं बघत राहतं, गाडी पाताळात गेली तरी सापडेल. मी मान हलवली. आता नऊ महिन्यांनी कळलं की सॅटेलाइट काही बघत नाही. आपल्या गावात मिलचा भोंगा व्हायचा बघा, तो ऐकून लोक घड्याळं लावायचे, पण भोंग्याला थोडंच माहीत होतं कोण कुठं बसून ऐकतंय. तसंच आहे हे. २० हजार किलोमीटरवरनं उपग्रह नुसते ओरडत असतात, मी अमुक जागी, आता एवढे वाजले. डबी ऐकते, कुणाचा आवाज किती उशिरा पोचला त्यावरनं आपण कुठं ते काढते, त्याला कमीत कमी चार उपग्रह ऐकू यावे लागतात. आणि मग ते आपल्याला कळवायचं काम उपग्रहाचं नाहीच, ते सिमचं. म्हणजे वरचं कितीही भारी असलं तरी मंद्रूपच्या पुढं टॉवरची रेंज गेली की तुमचं सॅटेलाइट मुकं.

याचा झटका मला पहिल्याच महिन्यात बसला. विजापूरला माल गेला होता. दुपारी अॅप उघडलं तर गाडी मंद्रूपच्या पुढं रस्त्यावरच उभी. अर्ध्या तासानं बघितलं, तिथंच. तासानं बघितलं, तिथंच. मामांचा फोन लागेना. माझ्या डोक्यात ॲक्सिडेंट, पलटी, सगळं येऊन गेलं, मी बुलेट काढायच्या बेतात, तेवढ्यात अॅपवर ठिपके असे भराभर पळायला लागले, नांदणी, टाकळीचा पूल, भीमा ओलांडून पार विजापूरच्या वेशीपर्यंत. गाडी कुठंच थांबली नव्हती. रेंज नसली की डबी ठिपके आत साठवून ठेवते आणि रेंज आली की सगळे एकदम पाठवते. अॅपमध्ये कोपऱ्यात बारीक अक्षरात शेवटच्या अपडेटची वेळ असते, ती आधी बघायची आणि मग घाबरायचं. हे त्या दुकानदारानं एका वाक्यात सांगितलं असतं तर माझं बीपी वाचलं असतं.

आणि यातलं सिम टूजी आहे. मी म्हणलं आपलं जिओ टाकू, रेंज बरी मिळते, तर ते चालतच नाही, जिओला टूजी नाहीच मुळात. नवीन घेणाऱ्यांनी फोरजीवालाच घ्या, हजारेक जास्त जातील, जाऊ द्या.

आता पत्र्याच्या शेडची गंमत. गाडी रात्री शेडमध्ये लागते. मी मोठ्या हौशीनं पन्नास मीटरचं कुंपण आखलं, म्हणजे गाडी त्याच्या बाहेर गेली की मोबाईलवर अलार्म. तिसऱ्या रात्री अडीचला अलार्म बोंबलला. मी बनियनवर बुलेट काढून शेडवर. कुलूप जसंच्या तसं, गाडी आत, वॉचमन बाहेर बाजेवर आणि मी त्याच्यासमोर हातात लोखंडी पाइप घेऊन उभा. परत पुढच्या रात्री तेच. बायको म्हणली, चोर परवडला, हा डबा नको. झालं असं की वरनं येणारा सिग्नल आधीच मरतुकडा, त्यात पत्रा, भिंतींवर आपटून आडवातिडवा येतो, त्यामुळं डबीला वाटतं आपण पलीकडच्या प्लॉटमध्ये आहोत, मग परत इकडं. हिस्ट्री काढली तर उभ्या गाडीनं रात्रभरात साडेतीन किलोमीटर केलेले. कुंपण दोनशे मीटरचं केलं तेव्हापासून गप आहे.

किलोमीटरचं म्हणाल तर रस्त्यावर जवळपास बरोबर दाखवतो. पंढरपूर जाऊन-येऊन गाडीच्या मीटरवर १५१ आणि अॅपवर १४६. तीस-तीस सेकंदांनी ठिपका घेतो, मधली वळणं सरळ रेघेत कापतो, म्हणून कमी. डिझेलचा हिशोब याच्यावर कुणी लावत असेल तर ड्रायव्हरवर अन्याय होतो, ध्यानात ठेवा.

दिवाळीत दहा दिवस शेड बंद होती, आल्यावर गाडी चालू होईना. मेकॅनिक म्हणला, तुमचा डबा बॅटरी पितोय. नवीन बॅटरीला एवढं जाणवत नाही म्हणे, आमची तीन वर्षांची. सेटिंगमध्ये गाडी बंद असताना झोपायचा ऑप्शन असतो, तो फिटिंगवाल्यानं चालूच केला नव्हता. आणि आता मे महिन्यात, त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या उन्हात, काचेजवळ दोन बाजूंच्या टेपनं चिकटवलेली डबी टेप वितळून वायरीला लोंबत होती. डॅशबोर्डच्या आत प्लास्टिकखाली केबल टायनं बांधलीय आता, प्लास्टिकमधनं सिग्नल येतो, फक्त वर लोखंड नको.

नाविकचं पण सांगतो कारण खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलं होतं. इस्रोचं नाविक, जीपीएससारखी, सात उपग्रहांची म्हणून आखलेली आपली सिस्टीम, पहिला २०१३ ला गेला. अभिमान आहेच, पण जुन्यातल्या काहींची अणुघड्याळं बंद पडली, आणि जानेवारी २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून शंभरावं उड्डाण झालं त्यातला उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोचलाच नाही. माझ्या डबीच्या अॅपमध्ये कुठले उपग्रह पकडले ते दिसतं, त्यात मला नऊ महिन्यांत जीपीएस आणि रशियाचं ग्लोनास सोडून काही दिसलं नाही. कस्टमर केअरला विचारलं तर म्हणे फर्मवेअर अपडेट येईल. श्रावणापासून येतंय.

आता खरं सांगायचंय ते. डबी मी मामांना न सांगता बसवली होती. चौदा वर्षं आहेत ते आमच्याकडं, वडिलांच्या वेळेपासून. ऑक्टोबरमध्ये सहज बोलण्यात माझ्या तोंडून निघून गेलं, मामा, मोहोळपाशी काल तासभर कुठं होता? मामा माझ्याकडं बघतच राहिले. काही बोलले नाहीत. चावी खिळ्याला अडकवली, जेवणाचा डबा उचलला आणि गेले. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. संध्याकाळी मी घरी गेलो तर म्हणाले, "मालक, विचारायचं की सरळ. बहीण हाय मोहोळात, जाता-येता तिथं भाकरी खातो. भत्त्याचं पैसं वाचत्यात." माझं तोंड एवढंसं झालं. मोहोळची बहीण मला माहीत होती, तिच्या पोरीच्या लग्नाला मीच टॉवेलांचा आहेर पाठवला होता, पण नकाशावर तो लाल ठिपका एक तास बघितला आणि बहीण आठवलीच नाही, संशयच आधी आला.

दोन दिवसांनी मामा आले. मी त्यांच्यासमोर डॅशबोर्ड उघडून डबी दाखवली, त्यांच्या पोराच्या मोबाईलवर पण अॅप टाकून दिलं. म्हणलं तुम्ही पण बघा, गाडी तुमच्याकडं नसताना मी कुठं फिरवतो ते.

आणि त्याच डबीनं पुढं मामांचीच बाजू धरली. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेआधी, एका पार्टीनं बिलातनं पैसे कापले, म्हणे तुमचा माल संध्याकाळी आला, आमची पुढची गाडी चुकली. मी फोनवर हो-हो करत होतो, मामा शेजारी उभे, म्हणाले, "मालक, तुमच्या डबीत बघा की." बघितलं. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गाडी त्यांच्या गेटला, आणि तिथनं हलली दुपारी एक पन्नासला. चार तास चाळीस मिनिटं आमची गाडी त्यांच्या दारात उभी, हमाल नाही म्हणून. स्क्रीनशॉट पाठवला. कापलेले पैसे तर आलेच, वर मी हॉल्टिंग, म्हणजे गाडी खोळंबवल्याचे पैसे, लावलं, त्यांनी कुरकुरत निम्मं दिलं. तेव्हापासून मामा गेटवर पोचले की स्वतःच फोन करतात, "मालक, ठिपका आला का बघा."

टॅगचं आता. तो गोल बटनासारखा, ब्लूटूथवाला. कोजागिरीला आई तुळजापूरला चालत जाते, गल्लीतल्या बायकांसोबत, मोबाईल नेत नाही, म्हणते देवीला जाताना कशाला ती कटकट. मी टॅग तिच्या पिशवीत टाकला, यावेळी सांगून. लोकांना वाटतं यात जीपीएस असतं, नसतं. आजूबाजूच्या लोकांच्या फोनला तो हळूच हाक मारतो आणि त्या फोनची जागा आपल्याला कळते. त्यामुळं कोजागिरीच्या गर्दीत एक नंबर चालला, त्या रात्री रस्ताभर माणूसच माणूस, उळे, तामलवाडी, दर पाच-सात मिनिटांनी ठिपका पुढं. तोच टॅग नंतर मी बार्शीला जाणाऱ्या गाठोड्यात टाकून बघितला रात्रीचा, तर चार तास काही पत्ता नाही. रानात कुणाचा फोन असणार? म्हणजे गर्दीत टॅग, ओसाड रस्त्याला सिमवाला ट्रॅकर, हे दुकानात कुणी सांगत नाही.

तामलवाडीच्या पुढं अजून एक झालं. शेजारच्या काकूंकडं मोबाईल होता, त्यावर आलं की अनोळखी ट्रॅकर तुमच्यासोबत फिरतोय. मे २०२४ पासून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीकडं ही सोय आहे, कुणी बाईमाणसाच्या पर्समध्ये गुपचूप टॅग टाकू नये म्हणून, आणि चांगलीच आहे. पण काकूंनी रात्री दीडला रस्त्याच्या कडेला बसून सगळ्या बायकांच्या पिशव्या झाडायला लावल्या. आईच्या पिशवीतनं हळदी-कुंकवाच्या पुडीखाली टॅग निघाला. आई म्हणाली, "माझ्या लेकानं ठेवलाय, त्याला झोप येत नाही." काकू अजून मला ट्रॅकर म्हणूनच हाक मारतात.

आता रिन्यूअलचा मेसेज आलाय, १२०० रुपये वर्षाला, वर्ष संपायच्या कितीतरी आधीपासून रोज दोन मेसेज. अॅप इंग्रजीत, मराठी नाही, कस्टमर केअर हिंदीत आणि तेही दुपारी जेवणाच्या वेळेत उचलतात. पाचपैकी साडेतीन देतो. एक स्टार टूजीचा कापला, अर्धा त्या अडीचच्या अलार्मचा. मी हा बंद करून फोरजीवाला घेणार होतो, तर मामांनी विचारलं जुनी डबी काय करणार. त्यांच्या पोरानं रिक्षा घेतलीय. मी म्हणलं घेऊन जा, पण पोराला सांगून बसवा.