एमसीआर चप्पल : तळ मऊ, रूप चुगलखोर

माझ्या मामांचा कुष्ठरोग बारा महिन्यांच्या बहुविध औषधोपचाराने केव्हाच पूर्ण बरा झाला. परंतु उपचार सुरू होण्याआधीच मज्जातंतूंना इजा झाल्यामुळे दोन्ही तळव्यांची संवेदना गेली, ती परत आली नाही. अशा पायात काटा रुतला तरी कळत नाही आणि माणूस त्याच जखमेवर दिवसभर चालत राहतो. म्हणून आरोग्य केंद्रातून त्यांना मायक्रोसेल्युलर रबराच्या, म्हणजेच एमसीआर चपलेचे वर्षाला दोन जोड मोफत मिळतात.

वस्तू म्हणून तिच्यात खोट काढणे कठीण आहे. पायाखालचा थर चिमटीत धरून दाबला तर निम्मा दबतो आणि सोडताच वर येतो, त्यामुळे वजन एकाच जागी न येता तळव्यावर पसरते. खालचा कडक तळ काच आणि काटे अडवतो. बांधणीत खिळा एकही नाही, कारण वर आलेला खिळा बधिर पायाला जाणवणारच नाही. बोटांची पकड गेलेली असते, म्हणून टाचेमागे पट्टा असतो. हाताची बोटे आखडली असली तरी वेल्क्रो सहज लावता येतो.

अडचण रूपाची आहे. जाड काळा तळ आणि रुंद पट्टे पाहिले, की आमच्या भागात जुनी माणसे आजही ‘महारोग’ हाच शब्द उच्चारतात. (घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात असलेला हा आजार 2019 साली वगळला गेला, ओसरीवरच्या गप्पांतून तो अजून वगळला गेलेला नाही.) त्यामुळे मामा ही चप्पल घरात आणि शेतात घालतात, पण एसटीत चढताना अंगठ्याची साधी चप्पल पायात असते. गेल्या वर्षी एका लग्नात ते दोन दिवस तसेच वावरले आणि अंगठ्याखाली व्रण घेऊन परतले. तो भरायला चार महिने लागले. मी रागावले, तेव्हा ते म्हणाले, “जखम कुणाला दिसत नाही गं, चप्पल दिसते.”

त्यानंतर औषधाच्या दुकानातून मधुमेहींसाठीची चप्पल साडेनऊशे रुपयांना आणली. आतले रबर तेच आहे, फक्त पट्टे तपकिरी आहेत आणि खोक्यावर हसऱ्या जोडप्याचे चित्र आहे. मामांना मधुमेह नाही. तरीही कुणी विचारले तर ते मोकळेपणाने “शुगरची आहे” असे सांगतात आणि देवळाच्या पायरीवर ती सर्वांसमोर काढून ठेवतात. साडेनऊशे रुपयांत त्यांनी खरे म्हणजे दुसरा आजार विकत घेतला, आणि पाय मात्र वर्षभर शाबूत राहिला.

सरकारी जोडाला तळासाठी पूर्ण गुण आणि रंगरूपासाठी शून्य देते. बाजारातला जोड घेणाऱ्यांनी मागचा पट्टा असलेलाच घ्यावा. पट्टा नसेल तर चप्पल वाटेत निसटते आणि बधिर पायाला त्याचा पत्ताही लागत नाही.