मे महिन्याच्या बर्फात एमराल्ड लेकची वाट

कोलोरॅडोतील रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये बेअर लेकपासून निघून निम्फ आणि ड्रीम या दोन तळ्यांच्या काठाने एमराल्ड लेकपर्यंत जाणारी पायवाट इतकी लोकप्रिय आहे, की डेन्व्हर परिसरातील मराठी घरांत भारतातून आलेल्या पाहुण्यांना तिथे नेणे हा जवळजवळ शिरस्ताच झाला आहे. ‘सोपी वाट आहे, आईबाबाही सहज येतील,’ असे एकमेकांना सांगितले जाते आणि जुलै-ऑगस्टपुरते ते खरेही आहे. एप्रिल आणि मे महिन्यांत मात्र नकाशावरची तीच रेघ प्रत्यक्षात वेगळी वाट असते. या दिवसांत तिथे जावे का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘अवश्य जावे’ असेच आहे. पण पहाटे निघण्याची आणि पायांत काटेरी साखळ्या चढवण्याची तयारी नसेल, तर बेअर लेकच्या काठावर छायाचित्रे काढून परतलेले बरे.

अंतर आणि चढ पाहिला तर घाबरण्यासारखे काही नाही. एकेरी अंतर सुमारे 2.9 किलोमीटर आहे आणि एकूण चढ दोनशे मीटरच्या आसपास आहे. सह्याद्रीत नियमित फिरणाऱ्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, कारण बारी गावातून कळसूबाई चढताना याच्या कितीतरी पट चढावे लागते. फरक आहे तो उंचीचा. कळसूबाईचा माथा 1,646 मीटरवर आहे आणि डेन्व्हर शहरच मुळी 1,609 मीटरवर वसलेले आहे. बेअर लेकचा वाहनतळ तर 2,880 मीटरच्या पुढे आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरापेक्षा हजार-बाराशे मीटर अधिक उंचीवर ही चाल सुरू होते. मुंबईहून आदल्या दिवशी उतरलेल्या पाहुण्यांना दुसऱ्याच सकाळी इथे आणले, तर पाय शाबूत असूनही पहिल्या चढावरच धाप लागते आणि डोके दुखू लागते. मध्ये दोन-तीन दिवस डेन्व्हरमध्ये आणि शक्य असल्यास एक रात्र उद्यानाच्या वेशीवरच्या एस्टेस पार्क गावात घालवावी.

आता बर्फाविषयी. डेन्व्हरमध्ये हिरवळ उगवली, झाडांना फुले आली, की डोंगरातला हिवाळाही संपला असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण रॉकीजच्या या पूर्व उतारावर मार्च आणि एप्रिल हेच भरपूर हिमवृष्टीचे महिने असतात आणि बेअर लेकच्या परिसरातील साठलेला बर्फ बहुधा एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला आपली कमाल पातळी गाठतो. त्यामुळे मेच्या मध्यावर इथे ताज्या बर्फाऐवजी महिनोन्‌महिने साठलेला, दबलेला, दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठणारा बर्फ भेटतो. शेकडो पावलांनी तुडवून मधली पट्टी फरसबंद रस्त्यासारखी घट्ट झालेली असते, पण तिची रुंदी जेमतेम दीड-दोन फूट. समोरून येणाऱ्याला वाट द्यायला म्हणून सहज एक पाऊल बाजूला टाकले, की पाय मांडीपर्यंत आत जातो. खाली कुठे खडक असतो, कुठे आडवे पडलेले खोड असते, तर कुठे बर्फाखालून वाहणारे पाणी असते, आणि मुरगळलेले घोटे बहुतेक वेळा याच एका पावलातून येतात. झाडांच्या बुंध्यांभोवती बर्फ पोकळ असतो, हेही लहान मुलांना सोबत नेणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

याच कारणाने या वाटेचा दर्जा घड्याळावर ठरतो. रात्री पारा शून्याखाली गेलेला असेल, तर सकाळी सात वाजता हा सगळा पट्टा कडक असतो, पायातले काटे त्यात खुटखुट रुततात आणि चालणे खरोखर सुखाचे होते. दहा-साडेदहानंतर ऊन वर आले, की पृष्ठभाग ओल्या साखरेसारखा सैल पडू लागतो, घट्ट पट्टीही पावलागणिक दगा देते, बुटांत पाणी शिरते आणि जे अंतर सकाळी पाऊण तासात कापले त्यालाच परतताना सव्वा तास लागू शकतो. दुपारी अकराला निघून ‘वाट फारच वाईट होती’ असे सांगणाऱ्यांचे म्हणणे खोटे नसते. त्यांनी पाहिलेली वाट तशीच होती. रात्र ढगाळ आणि उबदार गेली असेल, तर मात्र पहाटे लवकर निघूनही फायदा होत नाही, कारण बर्फ गोठलेलाच नसतो. म्हणून आदल्या संध्याकाळी दिवसाच्या कमाल तापमानापेक्षा रात्रीचे किमान तापमान पाहावे.

साधनांपैकी एकच गोष्ट अपरिहार्य आहे आणि ती म्हणजे मायक्रोस्पाइक्स. बुटांवर रबराच्या पट्ट्याने ताणून बसवायच्या या पोलादी साखळ्या असतात. काहटूला कंपनीच्या मूळ जोडीत प्रत्येक पावलाखाली बारा काटे असून त्यांची लांबी सुमारे एक सेंटीमीटर आहे. एवढ्याशा लांबीने काय होणार असे हातात घेतल्यावर वाटते, पण ड्रीम लेकच्या आधीच्या चढावर आणि विशेषतः तो उतरताना त्यांचे मोल कळते. नुसत्या स्पोर्ट्‌स शूजवर आलेली धडधाकट तरुण मुले तिथे झाडांच्या फांद्या धरून, बसत-घसरत उतरतात आणि त्यांच्या शेजारून साठीच्या बाई काटे रोवत शांतपणे खाली जातात, हे दृश्य या वाटेवर अजिबात दुर्मिळ नाही. दुपारच्या मऊ बर्फात मात्र साखळ्यांखाली ओल्या बर्फाचे गोळे चिकटून उंच टाचेसारखे साठतात. दर काही पावलांनी बूट काठीवर आपटून ते पाडावे लागतात, आणि याला काही इलाज नाही.

एस्टेस पार्कमधील दुकानांत या साखळ्या, चालण्याच्या काठ्या आणि स्नोशूज (पाय बर्फात रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी) दिवसाच्या भाड्याने मिळतात. भाड्याच्या वस्तूंविषयी माझा अनुभव मिश्र आहे. एका दुकानातून घेतलेल्या जोडीचे रबर इतके सैल पडलेले होते, की डाव्या पायाची साखळी चढावर दोनदा निघून मागे राहिली. परत करताना तक्रार केली, तर ‘मोठ्या बुटांवर बसवायला हवी होती’ असे उत्तर मिळाले. म्हणून दुकानातच आपल्या बुटांवर चढवून, टाच आपटून, पट्टा टाचेवर घट्ट बसतो का ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. वर्षातून दोन-चारदा जाणाऱ्याने स्वतःची जोडी विकत घेणेच शहाणपणाचे. स्नोशूज ताज्या हिमवृष्टीनंतर उपयोगी पडतात, पण तुडवलेल्या वाटेवर त्यांचा अडथळाच अधिक होतो. बर्फ बुटांत शिरू नये म्हणून घोट्यावर बांधायचे गेटर्स मात्र घ्यावेत, आणि काळा चष्मा व सनस्क्रीन विसरू नये, कारण या उंचीवर बर्फावरून परतणारे ऊन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांनाही भाजते. जीन्स घालून येणाऱ्यांना सांगून उपयोग होत नाही. एकदा बर्फात बसले, की त्यांना आपोआप समजते.

प्रत्यक्ष वाटेविषयी सांगायचे, तर पहिला टप्पा साधाच आहे. लॉजपोल पाइनच्या झाडीतून चढत सुमारे 0.8 किलोमीटरवर निम्फ लेक येते. उन्हाळ्यात पिवळ्या कमळांनी भरणारे हे छोटे तळे मेमध्ये करड्या बर्फाखाली असते आणि हिवाळाभर लोक सरळ त्याच्यावरून चाललेले असल्याने पावलांचे ठसे तळ्याच्या मध्यातून गेलेले दिसतात. त्या ठशांवर विश्वास ठेवू नये. मेमधील काठाकडे नीट पाहिले, तर बर्फ आणि जमीन यांच्यामध्ये हातभर रुंदीची काळ्या पाण्याची फट पडलेली असते, आणि बर्फाचा रंग पांढऱ्याऐवजी ओलसर राखाडी झालेला असतो. जानेवारीत ज्याने माणसांचे ओझे पेलले तो हा बर्फ राहिलेला नसतो. काठाने जाणारी वाट थोडी लांबची असली, तरी तीच धरावी.

निम्फपासून ड्रीम लेकपर्यंतचा चढ हा या चालीचा खरा कस आहे. उन्हाळ्यात इथे वळणावळणाची नीट बांधलेली वाट असते. बर्फात ती गाडली जाते आणि लोकांनी झाडीतून सरळ उभी काढलेली वाटच रूढ होते. दिशादर्शक पाट्यांचीही फक्त टोके वर दिसतात, त्यामुळे नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा, कारण वर नेटवर्कची खात्री नाही. या चढाच्या मध्यावर डावीकडे झाडी उघडते आणि दरीपलीकडे 4,346 मीटर उंचीचे लाँग्स पीक समोर उभे राहते. दम घ्यायला जागा निवडावी तर हीच.

ड्रीम लेक हे माझ्या मते या वाटेचे सर्वोत्तम स्थान आहे आणि वसंतात तर निःसंशय. लांबट, अरुंद तळे, त्याच्या टोकाला 3,875 मीटर उंचीच्या हॅलेट पीकचा कातळकडा, उजव्या हाताला फ्लॅटटॉप डोंगराचा उतार, आणि काठावर वाऱ्याने पिळवटून टाकलेले लिंबर पाइनचे जुने वृक्ष. तळ्यातून ओढा ज्या ठिकाणी बाहेर पडतो तिथला बर्फ सर्वांत आधी फुटतो, आणि सकाळी वारा पडलेला असेल तर त्या हातरुमालाएवढ्या उघड्या पाण्यात हॅलेटचे टोक दिसते. नटक्रॅकर पक्षी इथे माणसांना इतके सरावलेले आहेत, की डब्याचे झाकण उघडताच शेजारी येऊन बसतात. त्यांना चकलीचा तुकडा टाकणारे आपलेच लोक पाहिले आहेत. उद्यानात वन्यजीवांना खाऊ घालणे बेकायदा आहे, हे इथे सांगून ठेवतो.

ज्येष्ठ पाहुणे सोबत असतील, तर इथूनच मागे फिरावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. पुढचा टिंडल ओढ्याच्या काठाने जाणारा टप्पा एक किलोमीटरहून थोडा अधिक असला, तरी तिथे वाट अरुंद होते, काही ठिकाणी आडव्या उतारावरून जाते आणि ओढा बर्फाखाली कुठून वाहतो आहे ते फक्त आवाजावरून कळते. दोन्ही बाजूंना उंच उतार आहेत आणि वसंतातील उष्ण दुपारी ओला बर्फ अशाच उतारांवरून सुटतो. अशी हिमस्खलने बहुतांशी 30 ते 45 अंशांच्या उतारांवर होतात. एमराल्ड लेकच्या भोवती तसे उतार तिन्ही बाजूंना आहेत. कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच इन्फर्मेशन सेंटर या संस्थेचा हिमस्खलनाचा दैनिक अंदाज संकेतस्थळावर मोफत मिळतो. तो पाहिल्याशिवाय ड्रीमच्या पुढे जाऊ नये, आणि गेल्यास दुपारच्या आत परतावे. काही जण वरच्या उतारावर चढून बसल्याबसल्या घसरत खाली येण्याची मजा करतात. खालच्या टोकाला खडक उघडे पडलेले असताना ही मजा मला तरी पटत नाही.

एमराल्ड लेकविषयी एक अप्रिय वाटेल असे मत नोंदवतो. ज्या पाचूच्या रंगासाठी लोक तिथवर जातात, तो मेमध्ये दिसतच नाही. तळे गोठलेले असते आणि हॅलेट व फ्लॅटटॉप यांच्यामधल्या घळीतून येणारा वारा इतका बोचरा असतो, की थर्मासमधला चहा पिण्याइतकाही वेळ थांबवत नाही. कड्यांची भव्यता निर्विवाद आहे, पण केवळ तळे पाहायचे असेल तर जुलै गाठावा. तीच गोष्ट ड्रीमच्या अलीकडे फुटणाऱ्या हायाहा लेकच्या फाट्याची. 2022 च्या जून महिन्यात वरच्या केऑस कॅनियनमध्ये दरड कोसळल्यानंतर ते तळे दुधाळ हिरवे झाले आणि प्रसिद्धी पावले. बर्फात मात्र तिथवरची वाट सापडणे कठीण आणि पोहोचल्यावर दिसायला पांढरे पठार.

सोयींच्या बाबतीत उद्यानाला मी चांगले गुण देईन. बेअर लेकचा रस्ता वर्षभर उघडा असतो आणि वादळ नसेल तर साफही असतो. शौचालये वाहनतळाशेजारी आहेत, पिण्याचे पाणी मात्र घरूनच न्यावे. गेल्या काही वर्षांत मेच्या अखेरच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत या रस्त्यासाठी ठरावीक वेळेत प्रवेश देणारे परवाने आधी काढावे लागतात आणि तेव्हाच शटल बसही धावतात. त्याआधी परवानाही लागत नाही आणि बसही नसते, म्हणजे वाहनतळ भरला की मागे फिरणे आले. शनिवार-रविवारी सातच्या आत पोहोचणे इष्ट. एका मोटारीचे दिवसाचे शुल्क 30 डॉलर असून ते रोखीने स्वीकारले जात नाही. 1 जानेवारी 2026 पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, 16 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येक व्यक्तीला अकरा उद्यानांत आणखी 100 डॉलर द्यावे लागतात आणि त्या यादीत हे उद्यान आहे. भारतातून आलेले आईवडील घेऊन एकाहून अधिक उद्याने पाहायची असतील, तर अनिवासींसाठीचा 250 डॉलरचा वार्षिक पास स्वस्त पडतो का, याचा हिशेब निघण्याआधीच करून ठेवावा.