क्रीट बेटावर अडीच वर्षांच्या लेकीला घेऊन नऊ दिवस: कुठे पैसे वसूल, कुठे नाही

आम्ही जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो. लेक अडीच वर्षांची झाली तेव्हा पहिल्यांदाच समुद्राची सुट्टी काढली, ग्रीसमधल्या क्रीट बेटावर, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि सोबत साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाई. जायच्या आधी मी रात्र रात्र रिव्ह्यू वाचले पण सगळे एकतर नवराबायकोच्या हनिमूनचे नाहीतर आठ-दहा वर्षांच्या मुलांचे, इतक्या लहान पोराला तिथे दिवसभर काय करायला द्यायचं हे कुणी नीट सांगतच नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय. एकूण माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला तेही येईलच.

आधी एक गोष्ट. बेट म्हटलं की आपल्याला वाटतं छोटंसं असेल, एका दिवसात फिरून होईल. क्रीट पूर्व-पश्चिम साधारण 260 किलोमीटर आहे, म्हणजे पुणे-कोल्हापूरहूनही लांब, आणि मुख्य हायवे सोडला की सगळे घाटाचेच रस्ते. लहान मूल असेल तर राहायची जागा विचार करून घ्या. आम्ही रेथिम्नो शहर घेतलं, कारण ते दोन मोठ्या शहरांच्या मधोमध पडतं, हानिया 60 किलोमीटर आणि हेराक्लियन 80. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो आणि उत्तरेच्या किनाऱ्यावर लाटा येतात, म्हणून आम्ही सप्टेंबर धरला. पाणी छान कोमट होतं, गर्दीही उतरलेली होती.

हॉटेलचं नाव घेत नाही, पण अर्धा गुण तिथेच गेला. वेबसाइटवर मोठ्ठं लिहिलेलं, किड्स क्लब, सगळ्या वयाच्या मुलांसाठी. तिथे गेल्यावर कळलं की चार वर्षांखालचं मूल असेल तर आईबाबांपैकी एकाने पूर्ण वेळ आत बसायचं, आणि आत म्हणजे तळमजल्यावर खिडकी नसलेली एक खोली, एक टीव्ही, चार तुटके ठोकळे. आम्ही त्या क्लबसाठी खोलीचे जास्तीचे पैसे भरलेले, मला खरंच वाईट वाटलं, रिसेप्शनवर बोलूनही काही झालं नाही. बुकिंग करायच्या आधी ईमेल टाकून लेखी विचारा, किती वर्षांपासून घेता आणि एकटं ठेवता येतं का. दोनच प्रश्न, पण विचाराच.

आता चांगलं. रेथिम्नोचा बीच. शहराला लागूनच दहा-बारा किलोमीटर वाळू, आणि जुन्या बंदराच्या बाजूला पाणी शांत असतं. आमची तिथे सकाळी आठ ते साडेदहा बसायची, बादली-फावडं घेऊन. बाकी कशाची गरजच पडली नाही. पण तिथली खरी गंमत वेगळीच आहे. या किनाऱ्यावर लॉगरहेड कासवं अंडी घालतात, आणि छत्र्या-खुर्च्यांच्या मध्ये मध्ये वाळूत छोटी कुंपणं केलेली दिसतात, ती त्यांची घरटी. आर्केलॉन म्हणून संस्था आहे, तिचे स्वयंसेवक ती घरटी सांभाळतात. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, बघितल्या बघितल्या विचारलं, "आपल्या वेळासला असतं तसंच का गं हे?" अगदी तसंच, फक्त वेळासला ऑलिव्ह रिडले असतात आणि पिल्लं उन्हाळ्याच्या तोंडाशी निघतात, इथे उन्हाळ्याच्या शेवटाला. एका स्वयंसेवक मुलीने आम्हाला सांगितलं की मुलांनी खणलेले खड्डे जाताना बुजवत जा, रात्री निघालेलं पिल्लू खड्ड्यात पडलं की त्याला वर चढता येत नाही. लेकीला मी हे एकदाच सांगितलं. त्यानंतर रोज निघताना ती स्वतः फावडं घेऊन खड्डे बुजवायची, आमचे झाले की शेजारच्यांचेही, आणि वरून हाताने थापटायची, आपण बाळाला थोपटतो तसं.

तिकीट काढून केलेल्या गोष्टींमध्ये नंबर एक क्रीटअक्वेरियम, डोळे झाकून जा. हेराक्लियनच्या पूर्वेला पंधरा किलोमीटरवर गूर्नेस म्हणून गाव आहे, तिथे आधी अमेरिकन सैन्याचा तळ होता, त्या जागेवर 2005 मध्ये हे मत्स्यालय सुरू झालं. सगळं भूमध्य समुद्रातलंच दाखवतात, त्यामुळे सकाळी ज्या पाण्यात खेळलो त्यातच हे सगळे राहतात असं पोरांना सांगता येतं. आत अंधार, गारवा, बाबागाडी सगळीकडे फिरते, आणि काचा बऱ्याच ठिकाणी इतक्या खाली आहेत की अडीच वर्षांच्या पोराला उचलून घ्यावं लागत नाही, हा मुद्दा छोटा वाटतो पण दोन तास कडेवर घेऊन फिरलेल्या आईला विचारा. मोठ्या टाकीत शार्क आणि हेकरूसारखे जाडजूड मासे फिरतात, त्याच्याकडे आमच्या बाईसाहेबांनी फारसं बघितलं नाही. त्या जेलीफिशसमोर वीस मिनिटं मांडी घालून बसल्या. नंतर ऑक्टोपस. तो काचेला चिकटून बसलेला, एकेक गोल चोखणी दिसत होती, आणि तिने आपला तळवा बाहेरून बरोब्बर तिथेच लावला आणि हलेचना. "आप्पस हात देतो," असं म्हणाली. आम्ही साडेनऊला पोचलो म्हणून गर्दी नव्हती, अकरानंतर बसेस यायला लागल्या.

परत येताना गाडीत ती तासभर झोपली, मग हेराक्लियनच्या पुरातत्त्व संग्रहालयात गेलो, मुख्य म्हणजे आईंना बघायचं होतं म्हणून, मी मनाशी धरलेलं की पोरगी पंधरा मिनिटांत रडणार. तिथे पालाएकास्त्रोला सापडलेला एक मातीचा कुंभ आहे, इसवी सनापूर्वी 1500 च्या आसपासचा, त्यावर भलेमोठे डोळे असलेला ऑक्टोपस रंगवलाय, आठही पाय कुंभाला वेटोळं घालून. आमची बया काचेसमोर उभी राहून केवढ्यांदा ओरडली, "आप्पस!!" सगळं दालन हसलं, गार्डबाईसुद्धा. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराने काढलेलं चित्र एका बाळाला एका सेकंदात ओळखू आलं, मला तर भरूनच आलं. नंतर मिनोअन, म्हणजे क्रीटच्या त्या प्राचीन संस्कृतीतल्या, कुंभांवर आणखी शिंपले, मासे, बैल शोधत तास कसा गेला कळलं नाही. अक्वेरियम आणि म्युझियम एकाच दिवशी, याच क्रमाने करा, हे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं.

क्नोसोसचा प्राचीन मिनोअन राजवाडा मात्र आम्ही सोडला. सावली फार कमी, दगड उंचसखल, बाबागाडी ढकलवत नाही. थोडी मोठी झाली की नेऊ.

दुसरी आवडलेली जागा कूर्नास तळं. गेओर्गिऊपोली या समुद्रकाठच्या गावापासून चार-पाच किलोमीटर आत, गोड्या पाण्याचं तळं, मागे डोंगर, काठावर बदकं आणि हंस, पाण्यात छोटी कासवं. पेडल बोट मिळते. आम्ही तिघं मोठे आणि ती, तासाभराची घेतली, लाइफ जॅकेट आमच्या मापाची आहेत का हे चढायच्या आधी विचारलं आणि घालून बघितलं, तुम्हीही तसंच करा. गेओर्गिऊपोलीहून रस्त्यावर चालणारी छोटी टुरिस्ट ट्रेन पण तळ्यापर्यंत जाते, गाडी असली तरी मुद्दाम तीच घ्या, लहान मुलांना बोटीपेक्षा ती जास्त आवडते असं माझं मत. मात्र गेओर्गिऊपोलीच्या समुद्रात आम्ही तिला उतरवलं नाही, तिथे ओढ असते, लाल झेंडा लागला असेल तर तुम्हीही पोरांना काठावरच ठेवा.

एलाफोनिसी. गुलाबी झाक असलेली वाळू, घोट्याएवढं पाणी लांबपर्यंत, फोटोत दिसतं तसंच आहे, खोटं नाही. पण रेथिम्नोहून जायला अडीच तास, शेवटचा सगळा रस्ता वळणावळणाचा, लेकीला दोनदा उलटी झाली आणि पोचल्यावर सावलीला जागा नाही. हानियाच्या पश्चिमेला राहत असाल तर जा, नाहीतर हानिया शहराच्या जवळच आगिई अपोस्तोली म्हणून छोटे छोटे आडोशाचे बीच आहेत, उथळ पाणी, झाडं, शेजारी खेळायची बाग, आमचा सगळ्यात निवांत दिवस तिथे गेला. हानियाच्या म्युनिसिपल गार्डनमध्ये क्री-क्री म्हणजे क्रीटच्या रानबकऱ्याही आहेत, झोपाळे-घसरगुंडी पण आहे, तासभर सहज जातो.

संध्याकाळचं सांगायलाच हवं. तिकडे दुपारी तीन ते साडेपाच गाव झोपतं, मग पोरंही झोपतात, आणि रात्री दहा वाजता चौकात तीन-तीन वर्षांची मुलं सायकली चालवत असतात. आम्ही दोन दिवसांत तिचं वेळापत्रक तसंच करून टाकलं आणि सगळ्यांचा जीव शांत झाला. खेळायच्या बागेला तिकडे पेदिकी हारा म्हणतात, शब्दशः मुलांचा आनंद, प्रत्येक गावात एक तरी असतेच, फुकट. रेथिम्नोच्या जुन्या गावात रिमोंडी कारंजं आहे, 1626 मधलं, तीन दगडी सिंहांच्या तोंडातून पाणी येतं. आमचा रोजचा कार्यक्रम, जाऊन तिन्ही सिंहांना हात लावायचा. तिथेच एका बाकावर बसलेल्या आजींनी लेकीच्या गालाला हात लावला आणि तिच्यावर हलकंच "फ्तू फ्तू फ्तू" केलं. मी दचकले. आई मात्र लगेच म्हणाल्या, "अगं, दृष्ट लागू नये म्हणून करतायत त्या." आणि लेकीचे केस बाजूला करून कानामागची काजळाची तीट त्या आजींना दाखवली. आजींनी आपल्या गळ्यातला निळा डोळ्याचा मणी पुढे केला. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, अर्धा तास हात हातात घेऊन बसल्या.

खाण्याचं टेन्शन घेऊ नका, पण आमच्यासारखं घरात कुणी शाकाहारी असेल तर एक लक्षात ठेवा. गामोपिलाफो म्हणून भात मिळतो, लग्नातला भात, दिसायला अगदी आपला मऊ भात, लिंबू पिळलेला, पण तो शिजवतात मटण-कोंबडीच्या पाण्यात. आईंच्या ताटात येता येता वाचला. "होरिस क्रेआस" म्हणजे मांस नको, हे पाठ करा. उपासाचं म्हणून जे नीस्तिसिमो सांगतात त्यात दूध-अंडं नसतं पण ऑक्टोपस किंवा कालवं चालतात, तेव्हा तेही विचारून घ्या. येमिस्ता म्हणजे भरला टोमॅटो, आत भात, त्यातही खिमा नाही ना ते विचारा. पांढऱ्या मोठ्या घेवड्याचे गिगांतेस, पिवळ्या डाळीचं घट्ट वरण म्हणजे फावा, यावर आईंचे नऊ दिवस मजेत गेले. आणि रिझोगालो, म्हणजे तांदळाची खीर, वर दालचिनी, सुपरमार्केटमध्ये डब्यात मिळते. लेकीचा रोजचा चार वाजताचा खाऊ तोच.

शेवटचं, गाडीचं. ग्रीसमध्ये लहान मुलांना चाइल्ड सीट कायद्याने लागते. आम्ही भाड्याच्या गाडीसोबत बुक केलेली, पण एअरपोर्टवर आम्हाला मोठ्या मुलांचं बूस्टर दिलं, पट्टा थेट तिच्या मानेवर येत होता, मी गाडी हलवूच दिली नाही, दीड तास उन्हात थांबून योग्य सीट मिळाली. पुढच्या वेळी घरची सीट नेणार. बऱ्याच विमान कंपन्या बाबागाडी आणि कारसीट वेगळे पैसे न घेता नेतात, आपल्या तिकिटाच्या अटी बघा. बाबागाडी हलकी घडीची घ्या आणि जुन्या गावातल्या दगडी गल्ल्यांसाठी पाठीवरची झोळी पण ठेवा, आम्ही दोन्ही वापरलं.