आखात की जपान? डिग्री नसलेल्या वॉर्डबॉयचा अनुभव

चिपळूणच्या एका हॉस्पिटलात मी चार वर्षं वॉर्डबॉय होतो. शिक्षण बारावी. बाहेर जायचं तर दोन वाटा होत्या: आखात, नाहीतर जपानचा ‘तोकुतेई गिनो’ (ठरावीक कौशल्याच्या कामाचा) व्हिसा, केअरगिव्हर म्हणून, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करायला. दोन्हींचे कागद मी हाताळलेत.

आखाताचं सुख म्हणजे वेग. इंटरव्ह्यू, मेडिकल, की दोनेक महिन्यांत विमान. नवी भाषा नको, खोली कंपनीची, पगारावर इन्कम टॅक्स नाही. शिवाय कोकणातल्या माणसाला तिकडे गाववाला भेटतोच, पहिल्या रात्री जेवायला घालतो. डोक्यावर कर्ज असेल तर आखातच बरं, असं मलाही वाटतं.

माझं अडलं ते एका शब्दावर. ऑफर लेटरवर ‘पेशंट केअर अटेंडंट’ होतं. व्हिसा आला अरबीत. शेजारचे चाचा सौदीत उभी हयात घालवून आलेले. त्यांनी चष्मा चढवला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “आमिल नझाफा. अरे, हा साफसफाईवाल्याचा व्हिसा आहे.” एजंट म्हणाला, तिकडे गेल्यावर बदलून मिळेल. पण इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, पेशा तोच पडणार आणि पगाराचं भांडण झालं तर तोच शब्द आडवा येऊ शकतो. मी दहावीच्या पुढे शिकलेलो, म्हणून पासपोर्ट ईसीएनआर. त्यामुळे एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे नोकरीसाठी बाहेर जायची सरकारी परवानगी, लागत नाही, आणि म्हणूनच निघण्याआधी आपला करार सरकारी नजरेखालून जात नाही. सोय वाटते, तीच नडते. एजंटाचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर बघता येतो, 30,000 रुपये आणि जीएसटी एवढीच त्याची फी, हे ठीक. पेशाचा शब्द मात्र आपला आपणच वाचून घ्यावा लागतो. मी नकार दिला, तर पासपोर्ट परत मिळायला दीड महिना गेला.

जपानला सगळा त्रास आधी. तीन परीक्षा: जपानी भाषेची (जेएफटी-बेसिक, 250 पैकी 200 गुण, किंवा जेएलपीटी एन4), केअरगिव्हिंगची, आणि त्या कामातल्या जपानीची. पुण्यात राहून मला चौदा महिने लागले. इथे जपानात पगारातून टॅक्स, विमा, पेन्शन कापतात आणि भाडंही आपणच भरायचं. या व्हिसावर पाच वर्षं बायकोमुलांना आणता येत नाही, मला सगळ्यात जड जातं ते हे. तीन वर्षांचा अनुभव आणि ठरलेलं प्रशिक्षण झालं की ‘काइगो फुकुशिशी’ची, म्हणजे सरकारमान्य केअरगिव्हर होण्याची, परीक्षा देता येते. ती निघाली तर व्हिसा बदलतो, मग कुटुंबालाही आणता येतं. मी त्याच तयारीत आहे.

तरी पुन्हा निवडायचं झालं तर मी बहुतेक जपानच घेईन. कागदावर जे काम लिहिलंय तेच करतो, आजोबांना अंघोळ घालतो, आजींना भरवतो. जागा पटली नाही तर याच कामात दुसरा मालक धरता येतो. पासपोर्ट माझ्या कपाटात असतो.

फक्त अभ्यासासाठी हातातली नोकरी सोडू नका. मी सोडली, आणि शेवटचे पाच महिने माझा खर्च बहिणीने उचलला.