निसिरोसची एका दिवसाची बोट ट्रिप: बेटाला पाच स्टार, टूरला तीनच

ग्रीस म्हटलं की जो तो सँटोरिनीला पळतो, पण आम्ही जूनमध्ये कोस बेटावर होतो तर तिथल्या एका एजन्सीकडून निसिरोसची डे ट्रिप घेतली. कार्दामेनाहून सकाळी बोट, तासाभरात मांद्राकी बंदर, तिथून लगेच बसमध्ये कोंबून वर ज्वालामुखीकडे.

आता गोष्ट ऐका. देव आणि राक्षसांच्या लढाईत पॉलिबोटिस नावाचा राक्षस समुद्रातून पळत सुटला, समुद्रदेव पोसायडनने त्रिशूळाने कोस बेटाचाच एक तुकडा मोडला आणि त्याच्या अंगावर फेकला. तो तुकडा म्हणजे निसिरोस, आणि जमीन गुरगुरते ती खाली दबलेला राक्षस कण्हतोय म्हणून. आई लगेच म्हणाली, अगं हा तर कैलासाखाली चेंगरलेला रावण! गाइडला ते इंग्लिशमध्ये समजावता समजावता माझीच दमछाक.

स्टेफानोस क्रेटर मात्र खरंच बघण्यासारखं. साधारण 300 मीटर रुंद आणि 25-30 मीटर खोल, आणि तुम्ही चक्क पायवाटेने तळाशी उतरता. लाव्हा वगैरे काही नाही हं, ज्यांना उकळती लाल नदी बघायचीये त्यांनी येऊ नका. इथे जमिनीखालचं पाणी तापून वाफेच्या दाबाने स्फोट झाला आणि हा खड्डा पडला. असे शेवटचे स्फोट 19व्या शतकाच्या अखेरीस झाले, ते शेजारच्या छोट्या विवरात, त्याचं नावही पॉलिबोटिसच. तळाला भोकाभोकांतून वाफ येते, कडेला गंधकाचे पिवळे स्फटिक, आणि वास म्हणजे वज्रेश्वरीच्या कुंडांच्या दहापट. मी पातळ सोलच्या चपला घालून गेले, तळवे भाजले, तेव्हा बूट घाला. भोकांच्या फार जवळ जाऊ नका, वरचा थर पातळ असतो आणि खाली सगळं उकळतंय.

तक्रार हीच की इथे जेमतेम पाऊण तास दिला, तोही बारा वाजता, सावलीचं नाव नाही. क्रेटरचं तिकीट वेगळं काढावं लागतं हे बुकिंग करताना कोणी सांगितलंच नाही. वर काठावरचं निकिया गाव तर बसच्या खिडकीतूनच दाखवलं, तिथे ज्वालामुखीचं म्युझियम आहे, ते राहिलं. आणि मांद्राकीच्या वरचा पालिओकास्त्रो, काळ्या दगडाच्या प्राचीन तटबंदीचा किल्ला, तोही राहिला, मला त्याचीच जास्त हळहळ. घरची किल्ल्यांची खोड, दुसरं काय.

उरलेला वेळ मांद्राकीत जेवणाला. व्हेज लोकांनी पित्या मागवा, काबुली चण्याचे तळलेले वडे, आपल्या डाळवड्याचे चुलतभाऊच, आणि सोबत सुमादा, म्हणजे बदामाचं गोड गार सरबत. आईने दोन ग्लास प्यायले आणि एक बाटली पिशवीत टाकली.

जमलं तर टूर घेऊ नका, बोटीने स्वतः या, एक रात्र राहा आणि सकाळी लवकर क्रेटरला जा, कारण टूरच्या बसेस यायच्या आधी तिथे वाफेचा फुसफुस आवाज ऐकू येत असेल, आम्हाला तर फक्त गाइडचा माइक ऐकू आला.